फॉस्फेटचा उन्हाळा

मे महिना लागला की आमच्या लॅबमध्ये इंटर्न येतात. मी तळोज्याच्या बाजूला एका खाजगी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. विहिरीचं, बोअरचं, सोसायटीच्या टाकीचं, कारखान्यातून सोडलेलं असं सगळ्या जातीचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं आणि त्यात काय काय आहे ते आम्ही सांगतो. कॉलेजात आता इंटर्नशिप सक्तीची झाली आहे, तिला गुण आहेत, म्हणून ही पोरं येतात. पहिल्या दिवशी पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, सर्टिफिकेट कधी मिळेल?" अरे बाबांनो, आधी बसा तरी! काही जण तर येतही नाहीत. त्यांच्या वडिलांचा फोन येतो, "मॅडम, तेवढं सर्टिफिकेट देऊन टाका ना, मुलगा घरी दुसऱ्या परीक्षेचा अभ्यास करतोय." माझं डोकं असं सणकतं म्हणून सांगू! मी फोन ठेवते आणि पुढचा तासभर सगळ्यांवर खेकसत असते. साहेब म्हणतात, "कशाला मनाला लावून घेता? त्यांनाही नकोय, आपल्यालाही नकोय. द्यायचं आणि मोकळं व्हायचं."

साहेबांचं बरोबर आहे. चूक माझ्या डोक्याची आहे. इंटर्नशिप हा शब्द ऐकला की मला अजून एक जुना उन्हाळा आठवतो.

या वर्षी एक मुलगी आली आहे, सानिया. पनवेल गावातली, वडील गल्फमध्ये. दुसऱ्या दिवशी मी फॉस्फेटची टेस्ट करत होते तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली. या टेस्टमध्ये पाण्यात दोन-तीन द्रावणं घालायची आणि वाट बघायची. पाण्यात फॉस्फेट असेल तर ते हळूहळू निळं होतं. जितकं फॉस्फेट जास्त तितका निळा गडद. सानिया डोळे मोठे करून बघत राहिली आणि म्हणाली, "या अल्ला, मॅडम, किती सुंदर आहे हे! का होतं असं?"

सर्टिफिकेट सोडून दुसरं काही विचारणारी पहिलीच पोरगी. मी तिला सगळं समजावून सांगितलं. सांगून झालं तशी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभी राहिले. बाहेर रणरणतं ऊन होतं, ट्रकची धूळ होती आणि लांब कर्नाळ्याचा सुळका त्या धुळीत अर्धा बुडाला होता. असाच उन्हाळा होता तो.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही खांदा कॉलनीत राहायचो, अजूनही तिथंच राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठमोठ्या संशोधन संस्था पदवीच्या मुलांना दोन महिने बोलावतात, खऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम देतात, हे मला कुठल्याशा वेबसाइटवर कळलं आणि मी पार येडी झाले. थंडी पडली तशी माझी ईमेलं सुरू झाली. रिस्पेक्टेड सर, रिस्पेक्टेड मॅडम, मी पनवेलची विद्यार्थिनी. कॉलेजच्या लायब्ररीतला कॉम्प्युटर, त्याच्या कीबोर्डवर एसची कळ अडकायची, ती दाबून दाबून बोट दुखायचं. उत्तरं येत नसत. एका मोठ्या प्राध्यापकांचं आलं, तेही एका ओळीचं: पनवेल नक्की कुठं आलं? मी त्यांना बारकाईनं पत्ता कळवला. पुढं काही नाही. आता हसू येतं. तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. बाहेरून आई ओरडली होती, "अगं, पाणी जातंय!"

आमचे पाटकर सर म्हणाले, "नुसत्या ईमेलनं काय होतंय? काहीतरी करून दाखव. पाताळगंगेचं पाणी तपास. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत फॉस्फेट कसं बदलतं ते बघू. मी गाइड करतो." पाटकर सर वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. शिकवले तेवढेच तास आपले, कॉलेजला सुट्टी लागली की सरांचीही नोकरी सुटली. कायम व्हायचं तर नावावर पेपर लागतो म्हणायचे. केस अकाली पिकलेले, पण शिकवायचे जीव तोडून. मला ते फार आवडायचे, हेही सांगून टाकते.

प्रकल्पात आम्ही दोघी. मी आणि प्रणाली. प्रणाली आपट्याच्या बाजूची, आगरी घरातली. मी पनवेलच्या एसटी स्टँडवरून सकाळची गाडी पकडायची, मांडीवर प्लास्टिकच्या क्रेटमध्ये रिकाम्या बाटल्या, आणि गाडी वळणावर आली की खडखड आवाज. शेजारचे प्रवासी विचारायचे, "काय विकता?" आपट्याला उतरलं की प्रणाली भावाच्या रबरी चपला घालून उभीच असायची. "चल गो बेगीन, उन्हं चढली का गोटे भाजतात. तुमाला कॉलनीवाल्यांना चालता येत नाय."

खरंच येत नव्हतं. नदीतले गोटे शेवाळानं गुळगुळीत झालेले. मी एका हातात बाटली, दुसऱ्या हातात प्रणालीचं मनगट धरून पाण्यात शिरायची. माघात पाणी इतकं गार की पोटऱ्यांत गोळे यायचे. काठावर कपडे धुणाऱ्या बायका आम्हाला हसायच्या. सरांनी शिकवलेलं: बाटली प्रवाहाच्या तोंडाला धरायची, तिथल्याच पाण्यानं विसळायची, मग भरायची. प्रणालीची आई आम्हाला न्याहारीला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी द्यायची. मी घरी शाकाहारी, तिथं मात्र चाटून पुसून खायचे. वास येऊ नये म्हणून वाटेत पेरू खायचे. आईला कळायचंच.

सुख असं होतं. साधं, पाण्यात उभं राहण्याचं. आपण कुणालातरी हवं असलेलं काम करतो आहोत, असं वाटण्याचं. ते पुढं मला कधी वाटलं नाही. आता रोज पाणी तपासते, पगार घेते, पण ते वाटणं वेगळं.

फेब्रुवारी सरला, पळस फुलून गेले, नदी आटत आटत मधल्या धारेपुरती उरली आणि आमचं निळं गडद व्हायला लागलं. दर खेपेला आधीपेक्षा थोडं जास्त. मार्चच्या शेवटी तर असं निळं आलं की प्रणाली म्हणाली, "शाई सांडली का काय गो?" सरांनी आलेख काढला. थंडीत जमिनीलगत असलेली रेघ उन्हाळ्याबरोबर कशी छान चढत गेली होती. सर कितीतरी वेळ ती बघत राहिले. "सुंदर," म्हणाले. "पाणी कमी होतंय, फॉस्फेट वाढतंय. पुस्तकात छापावा असा आलेख आहे, पोरींनो."

त्याच सुमाराला बंगळूरच्या एका संस्थेचा ईमेल आला. माझी निवड झाली होती, तात्पुरती. गाइडच्या सहीनं प्रकल्पाचा अहवाल पाठवला की पक्की. दोन महिने तिथल्या हॉस्टेलवर, नद्यांवर काम करणाऱ्या एका बाईंच्या हाताखाली. त्यांचं काम मी वाचलेलं होतं. अर्धं कळलं नव्हतं, तरी वाचलं होतं. आईनं अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दोनदा सांगितलं, कारण त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगला होता. बाबा बंदरातल्या कामावरून येताना नवी बॅग घेऊन आले, चाकांची. ती आमच्या हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभी असायची आणि येणारा जाणारा विचारायचा, "कुठं निघालात?"

एप्रिलच्या अखेरीला परीक्षा संपली. एका सकाळी एसटी चुकली म्हणून मी आपट्याला न जाता घरी परत आले. दार उघडंच होतं. गॅलरीत आई बसली होती, पाटावर, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. तिच्यापुढं माझ्या पुढच्या खेपेच्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या. हातात दुधाच्या बाटलीचा जुना ब्रश. बाजूला धुण्याच्या पावडरचा डबा.

त्या बाटल्या मी लॅबमध्ये ॲसिडनं धुवायची, मग डिस्टिल्ड वॉटरनं. लॅब सकाळी उघडायची नाही म्हणून आदल्या दिवशी घरी आणून ठेवायची. धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असतं. आपण जे शोधतोय नेमकं तेच.

"आई, काय करतेस?"

"अगं, वास मारतात मेल्या. तुमच्या लॅबमध्ये काय नुसतं पाणी फिरवतात का? मी आपली दर वेळी घासून ठेवते. तू दमून झोपतेस, तुला कुठं कळतंय!" आणि हसली. केवढी खूश होती. "आधी मस्त खळबळून काढायचे. आता कुठलं पाणी? नळ येतो न येतो तोच जातो. आता एका बादलीत सगळ्या बुडवते झालं."

ज्यांनी खांदा कॉलनीत एप्रिल काढला आहे त्यांना हे सांगायला नको. पाणी करंगळीएवढ्या धारेनं यायचं आणि पिंप भरायच्या आत सुस्कारा टाकून बंद व्हायचं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाज्यांचं लादीला, लादीचं संडासला. आईला त्यात कोण अभिमान! तर थंडीत भरपूर पाणी होतं तेव्हा तिनं बाटल्या भरपूर धुतल्या, पावडर निघून गेली. पाणी कमी होत गेलं तशी पावडर आत राहत गेली. मी एक झाकण उचलून बघितलं. त्याच्या आतल्या आट्यांमध्ये पांढरे कण चिकटले होते. मी नदीवर बाटली विसळायचे, झाकण कोण विसळतंय?

सरांनी कौतुक केलेला तो आलेख पाताळगंगेचा नव्हताच. तो आमच्या घरच्या नळाचा होता.

"नीट नाही का घासल्या?" आईनं विचारलं. माझा चेहरा बघून असेल.

"छान घासल्यात," मी म्हटलं. "पण पुढच्या वेळी मीच धुवेन. तुझी कंबर दुखते."

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीय!" आई म्हणाली आणि पुढची बाटली उचलली.

मी दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका बाटलीत नदीचं नाही, नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं, झाकण लावून हलवलं आणि टेस्ट केली. देवाशप्पथ, मी तेव्हा पुटपुटत होते, निळं होऊ नको, निळं होऊ नको. ते निळं झालं. सुरेख निळं.

पाटकर सरांना सांगितलं तेव्हा ते स्टाफरूममध्ये एकटेच होते. पंखा कुरकुरत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही सर."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. उन्हाळ्यात फॉस्फेट वाढतंच, सगळ्या नद्यांत वाढतं. आपण काही जगावेगळं सांगत नाही आहोत."

"पण सर, आपण ते मोजलेलं नाही."

"तू बंगळूरला जा. तिथं हवी तेवढी प्रामाणिक हो." हे ते चिडून नाही म्हणाले. समजावणीच्या सुरात म्हणाले. "माझा पेपर परिषदेला गेलाय, बाळा. या वर्षी जागा भरणार आहेत. मी किती वर्षं अशी काढायची, तूच सांग."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला, पण बऱ्याच दिवसांनी आला. तेव्हा मला नुसतं त्यांच्या शर्टाच्या कॉलरची विरलेली कड दिसत होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, सही होईल ती आलेखासकट अहवालावर होईल. आलेख वगळून, किंवा तो चुकीचा आहे असं लिहून आणलंस तर मी सही करणार नाही.

प्रणालीला फोन केला. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "नदी तं घाण हायेच ना गो. आमी रोज बगतो. आकडा चुकला म्हनून नदी काय चांगली झाली?" तिला एम.एस्सी.ला जायचं होतं, तिच्या घरात तोवर कुणी बारावीच्या पुढं गेलं नव्हतं, पेपरवर तिचं नाव होतं. "तुला पायजे तं तुझा नाव काड. माजा राहू दे."

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. कधी कधी म्हणते.

चार रात्री मी अंथरुणात कूस बदलत काढल्या आणि मग बंगळूरच्या बाईंना खरं लिहून पाठवलं. आईचं नाव घातलं नाही, बाटल्या चुकीच्या पद्धतीनं धुतल्या गेल्या एवढंच लिहिलं. मनात वेडी आशा होती, खोटं कशाला बोलू. वाटत होतं, बाई म्हणतील, अशीच मुलगी आम्हाला हवी! गोष्टींत म्हणतात ना तसं. त्यांचं उत्तर आलंही लगेच आणि फार गोड आलं. तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. मात्र वैध अहवालाशिवाय नियमानं निवड पक्की करता येत नाही. पुढील वर्षी अवश्य अर्ज करावा. पुढच्या वर्षी मी पदवीधर असणार होते, आणि ती संधी फक्त पदवी शिकत असणाऱ्यांना होती. हे बाईंच्या लक्षात आलं नसावं. मीही लक्षात आणून दिलं नाही.

हातातोंडाशी आलेला घास गेला तो गेलाच. घरी मी सांगितलं, त्या लोकांचं रद्द झालं. बॅग बाबांनी माळ्यावर टाकली. पाऊस आला, रिझल्ट लागला, एम.एस्सी.ची ॲडमिशन हुकली, मग ही नोकरी. पाटकर सर कायम झाले की नाही ते मी मुद्दाम विचारलेलं नाही. प्रणाली पीएच.डी. करते आहे, नदीवरच. तिचे फोटो फोनवर दिसतात, गुडघाभर पाण्यात उभी असते. मी लाइक करते. करायला अर्धा दिवस लागतो, पण करते.

सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? त्या उन्हाळ्यात पाताळगंगेत खरंच किती फॉस्फेट होतं ते कुणालाच कळलं नाही. ते पाणी वाहून गेलं, खाडीत मिसळलं. कितीतरी सकाळी ज्या नदीत आम्ही थंडीत कुडकुडत उभ्या राहिलो त्या नदीबद्दल आम्ही एक अक्षर खरं सांगू शकलो नाही.

आई मात्र इतकी वर्षं पाहुण्यांना सांगत आली. "हिच्या त्या नदीच्या संशोधनात बाटल्या घासायला मी होते बरं का!" मी आत निघून जायचे.

गेल्या रविवारी सानिया घरी आली. आईनंच बोलावलं होतं, जवळच राहते, सुट्टीच्या दिवशी जेवायला ये म्हणून. आईनं आमरस केला होता. पोरगी मोकळी, बोलकी. रसाची वाटी पुढं ओढत म्हणाली, "आँटी, मॅडम लॅबमध्ये कसल्या ओरडतात माहितीये? पहिल्याच दिवशी मी एक बाटली साबणानं धुवायला घेतली तर खेचूनच घेतली हातातनं. फॉस्फेटच्या बाटलीला साबण लावला की सगळा रिझल्ट खोटा येतो म्हणे. असं कुणीतरी करून ठेवलेलं, मॅडमचं पूर्ण प्रोजेक्ट वाया गेलेलं."

मी तिला हे कधी सांगून बसले होते कोण जाणे. रागाच्या भरात बोलून गेले असेन.

आईच्या हातात पुरीचं ताट होतं. तिनं सानियाला आणखी एक पुरी वाढली. "खा गं, लाजू नकोस," म्हणाली. सानिया गेल्यावर आईनं भांडी आवरली, ओटा पुसला, गॅसचा नॉब दोनदा तपासला. मी हॉलमध्ये उगाच टीव्ही लावून बसले होते. आई येऊन शेजारी बसली. पदराला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

"तुझं ते बंगळूरचं," ती म्हणाली, "माझ्यामुळं गेलं का गं?"

आणि मी, जिनं एका आलेखासाठी सगळं सोडलं, मी लगेच म्हटलं, "छे गं! भलतंच काय? त्यांचंच रद्द झालं होतं. सानिया म्हणते ते दुसऱ्याच कामाबद्दल."

आईनं माझ्याकडे बघितलं. कॉलेजात असताना माझ्या तोंडाचा सुकटीचा वास कसा ओळखायची, तसंच बघितलं. "बरं," म्हणाली आणि उठून आत गेली.

त्यानंतर तिनं मला काही विचारलेलं नाही. नेहमीसारखं बोलते, जेवायला वाढते, वेळेवर निघ म्हणते. फक्त संध्याकाळी मी आणलेला डबा ती घासत नाही. माझा कपही नाही. ओट्यावर तसेच ठेवते, बाजूला सरकवून. काल मी म्हटलं, आई, डबा राहिला का गं घासायचा, तर वळूनही न बघता म्हणाली, "तूच धू बाई. तुला कसा धुवायचा असतो, मला काय माहीत."